सहा आकड्यांचा अन्वय

२ मार्च २००५ रोजी अमेरिकेतील ए.बी.सी. वाहिनीवर ‘लॉस्ट’ या रहस्यमालिकेच्या पहिल्या पर्वाचा अठरावा भाग दाखवला गेला. त्याचे नाव ‘नंबर्स’. सिडनीहून लॉस एंजेलिसला निघालेले विमान पॅसिफिक महासागरातील एका अज्ञात बेटावर कोसळते आणि वाचलेले प्रवासी तेथे अडकून पडतात, एवढे कथानक तोवर प्रेक्षकांच्या परिचयाचे झाले होते. या भागाने त्यात सहा आकडे आणून ठेवले : ४, ८, १५, १६, २३, ४२. ह्यूगो रेयेस या स्थूल, सालस तरुणाला हे आकडे मनोरुग्णालयातील लेनर्ड नावाच्या माणसाच्या अखंड पुटपुटण्यातून मिळालेले असतात. ते तो लॉटरीच्या तिकिटावर घालतो आणि कोट्यधीश होतो. मग पत्रकारांसमोर त्याचे आजोबा कोसळून मरतात. आईसाठी घेतलेले नवे घर तिला दाखवायला नेतो तर ते पेटलेले असते. पोलीस भलताच माणूस समजून त्यालाच बेड्या घालतात. पादत्राणांच्या एका कारखान्याला आग लागून आठ माणसे दगावतात, आणि संपत्ती मात्र वाढतच राहते. हे आकडे शापित आहेत, अशी ह्यूगोची खात्री होते. भाग संपता संपता कॅमेरा बेटावरील जमिनीत पुरलेल्या एका पोलादी भुयारद्वाराकडे वळतो. त्याच्या कडेवर तेच सहा आकडे कोरलेले असतात.

त्या रात्रीपासून मालिका पाहणे म्हणजे आकडे शोधणे असे समीकरण होऊन बसले, आणि शोधणाऱ्यांना निराश व्हावे लागले नाही. विमानाचा क्रमांक ८१५, म्हणजे ८ आणि १५. केट या फरारी तरुणीला पकडून देण्याबद्दलचे इनाम २३ हजार डॉलर. बेटावर एकाकी राहणाऱ्या डानिएल रूसो या फ्रेंच स्त्रीचा बिनतारी संदेश १६ वर्षे वाजत असलेला. यांतले पुष्कळसे निर्मात्यांनी जाणूनबुजून पेरले होते, यात शंका नाही. परंतु प्रेक्षक तेवढ्यावर थांबले नाहीत. सहाही आकड्यांची बेरीज १०८ येते आणि १०८ हा जपमाळेच्या मण्यांचा आकडा. जपानमधील बौद्ध मंदिरांत वर्षअखेरीच्या रात्री घंटा १०८ वेळा वाजवतात. मालिकेतील गूढ वैज्ञानिक संस्थेचे नाव ‘धर्मा’ आणि तिच्या चित्रफितींतील अभिवादन ‘नमस्ते’, तेव्हा हा दुवा ओढून आणलेला म्हणता येत नाही. ४२ हा डग्लस अ‍ॅडम्स यांच्या विनोदी विज्ञानकथेत विश्वाच्या अंतिम प्रश्नाचे उत्तर म्हणून आलेला आकडा. २३ भोवती रॉबर्ट अँटन विल्सन यांच्यासारख्या लेखकांनी योगायोगांचे एक पुराणच रचून ठेवले होते. न्यूयॉर्क यांकीज या बेसबॉल संघाने थोर खेळाडूंच्या सन्मानार्थ जे पाठक्रमांक कायमचे निवृत्त केले आहेत, त्यांत हे सहाही आकडे आहेत. इतक्या खोलात न शिरताही कागद-पेन्सिल घेऊन बसणाऱ्याला ८ आणि १५ मिळून २३ होतात, आणि ४, १५ व २३ मिळून ४२, हे दिसून येते. असे काही हाती लागले की अंगावर किंचित शहारा येतो. त्या शहाऱ्याचे मूल्य काय, हा येथील प्रश्न आहे.

गणिती मनुष्याचे उत्तर तयार असते. कोणतेही सहा आकडे घ्या. त्यांना ओळीने जन्म देणारे, पाचव्या घातापलीकडे न जाणारे एक बहुपद नेहमीच सापडते. म्हणजे ‘या आकड्यांमागे सूत्र आहे’ हे विधान कोणत्याही सहा आकड्यांविषयी खरे असते, आणि म्हणूनच ते काहीच सांगत नाही. हार्डी यांनी पुटनीच्या इस्पितळात रामानुजनना आपल्या टॅक्सीचा १७२९ हा क्रमांक अगदी निरस असल्याचे सांगितले, तेव्हा दोन घनांची बेरीज म्हणून दोन वेगळ्या प्रकारांनी मांडता येणारी ती सर्वांत लहान संख्या असल्याचे रामानुजननी तत्काळ दाखवून दिले. ही आख्यायिका रामानुजन यांच्या प्रतिभेची म्हणून सांगितली जाते, ते योग्यच आहे. पण तिचा आणखी एक अर्थ निघतो. पाहणारा पुरेसा समर्थ असेल तर निरस संख्या शिल्लकच राहत नाही. मग सहा आकड्यांत काही दिसले याचे श्रेय आकड्यांचे की डोळ्यांचे?

हा आक्षेप बिनतोड वाटतो. तरी तो प्रेक्षकांना लागू पडत नाही. टॅक्सीचा क्रमांक रामानुजनसाठी कोणी योजलेला नव्हता. मालिकेतले आकडे मात्र कोणीतरी लिहिलेले होते. रचलेल्या जगात दाराच्या कडेवर आकडा कोरलेला असेल, तर तो कोरण्याचा निर्णय एका माणसाने घेतलेला असतो; आणि ज्याच्यामागे निर्णय आहे त्याला ‘का’ असे विचारणे हा वाचकाचा भ्रम नव्हे, अधिकार आहे. निसर्गातील आकृती आणि कृतीतील संकेत यांत हा भेद आहे. ढगात हत्ती दिसणे ही आकृती. मंदिराच्या पट्टीवर कोरलेला हत्ती हा संकेत. पहिल्याला प्रयोजन विचारणारा वेडा ठरतो आणि दुसऱ्याला न विचारणारा अरसिक.

भारतीय वाचकाला हा अधिकार नवा नाही. महाभारताची पर्वे १८, युद्धाचे दिवस १८, दोन्ही बाजूंच्या मिळून अक्षौहिणी १८, गीतेचे अध्यायही १८. आणि ग्रंथाचे जुने नाव ‘जय’, ज्याची अक्षरे कटपयादि पद्धतीने उलगडली की १८ च येतात. यांतले किती व्यासांच्या मनात होते आणि किती नंतरच्या पंडितांनी पाहिले, याचा निवाडा कोणी केलेला नाही. करण्याची निकडही कोणाला भासली नाही. (‘नंबर्स’ हाही मालिकेचा अठराव्या क्रमांकाचा भाग होता, हा योगायोग येथेच सोडून दिलेला बरा.) परंतु याच परंपरेने तात्पर्य ठरवण्याचे नियमही घालून दिले. मीमांसक आणि वेदान्ती यांनी तात्पर्यनिर्णयाची सहा लिंगे सांगितली : उपक्रम व उपसंहार यांची एकवाक्यता, अभ्यास, अपूर्वता, फल, अर्थवाद आणि उपपत्ती. यांतला ‘अभ्यास’ म्हणजे पुनरुक्ती. एखादी गोष्ट ग्रंथात पुन:पुन्हा येत असेल, तर ती ग्रंथकाराला महत्त्वाची आहे असे मानायला आधार मिळतो. ‘लॉस्ट’च्या प्रेक्षकांनी नकळत याच लिंगाचा आश्रय घेतला होता. त्यांची अडचण वेगळी होती. त्यांच्यापुढे उपक्रम होता, अभ्यास भरपूर होता, उपसंहार नव्हता. मालिका अजून लिहिली जात होती. ज्या ग्रंथाचा शेवट ग्रंथकारालाही पुरता ठाऊक नाही, त्याचे तात्पर्य ठरवायला बसलेल्या मीमांसकांसारखी त्यांची स्थिती झाली.

संकेत आणि आकृती यांच्यामध्ये आणखी एक प्रदेश आहे, आणि त्याचे उदाहरण त्याच महिन्यात घडून आले. ३० मार्च २००५ च्या ‘पॉवरबॉल’ सोडतीत दुसऱ्या क्रमांकाच्या बक्षिसाला चार-पाच विजेते अपेक्षित असताना एकदम ११० निघाले. अधिकाऱ्यांना लबाडीचा संशय आला. त्यांनी शोधाशोध केली, त्यात ‘लॉस्ट’मधले आकडेही तपासले, शेकडो लोकांनी ते तिकिटांवर घातलेले होते, परंतु निकालाशी ते जुळत नव्हते. अखेर उलगडा झाला तो चिनी उपाहारगृहांत जेवणानंतर देतात त्या भविष्य-बिस्किटांतून. न्यूयॉर्कमधील एका कारखान्याने चिठ्ठीवर २२, २८, ३२, ३३, ३९, ४० असे आकडे छापले होते आणि त्यांतले पहिले पाच बरोबर निघाले. येथे ११० जण एका वेळी विजेते झाले हा योगायोग नव्हता. त्याला एक समान कारण होते. पण त्या कारणाला काही प्रयोजन नव्हते. कारखान्याला कोणालाही काही सांगायचे नव्हते. कारण आहे पण अर्थ नाही, अशा या मधल्या प्रदेशात मानवी जीवनातील बहुतेक आपत्ती आणि बहुतेक भाग्ये घडत असतात. मनाला तो प्रदेश मानवत नाही; कारण हाती लागले की त्यामागे हेतू असलाच पाहिजे असे त्याला वाटू लागते. त्या चिठ्ठीवर सहावा आकडा ४० होता आणि सोडतीत निघाला तो ४२, हे वाचताना मालिकेच्या प्रेक्षकाला काय वाटले असेल याची कल्पना करता येते.

मालिकेचे खरे बळ असे की, तिने हा प्रश्न प्रेक्षकावर सोडण्यापूर्वी ह्यूगोवर सोडला. आकड्यांचा उगम शोधत तो ऑस्ट्रेलियातील वैराण मुलखात सॅम टूमीच्या घरी पोचतो. लेनर्ड आणि सॅम हे नौदलाच्या एका श्रवणकेंद्रावर नेमलेले असताना रेडिओच्या खरखरीतून आकडे म्हणणारा आवाज त्यांनी ऐकलेला असतो. सॅमने जत्रेत बरणीतल्या दाण्यांची संख्या ओळखण्याच्या पैजेत ते आकडे वापरून मोठे बक्षीस मिळवले होते. परतताना अपघात झाला. सॅमला ओरखडाही उठला नाही, त्याच्या बायकोचा पाय गेला. पुढे भोवतालच्या प्रत्येक दुर्दैवाचा दोष आकड्यांना देत देत अखेर त्याने स्वत:ला गोळी घालून घेतली. हे सगळे ह्यूगोला सांगते ती त्याची विधवा, मार्था. आणि शापाची कल्पना ती झिडकारून लावते. पाय जिचा गेला तिचा शापावर विश्वास नाही. ज्याला काहीच झाले नाही त्याने शापापायी जीव दिला. आकड्यांचा अर्थ लावण्यामागे काय दडलेले असते, ते कोणत्याही बेरजेपेक्षा या एका प्रसंगातून अधिक उमगते.

सॅमला सोसवत नव्हते ते आपले वाचणे. शेजारी बसलेल्या माणसाचा पाय जावा आणि आपण धडधाकट उठून उभे राहावे, याला कारण असते : गाडीचा वेग, धडकेचा कोन. अर्थ नसतो. अर्थ नसलेल्या भाग्यापेक्षा अर्थ असलेला शाप सॅमला जवळचा वाटला, कारण शापात निदान आपला वाटा असतो. ह्यूगोच्या बाबतीत हेच सूत्र ‘डेव्ह’ या एप्रिल २००६ च्या भागात उघड झाले. मनोरुग्णालयात तो गेला होता तो लॉटरीच्या कितीतरी आधी घडलेल्या एका अपघातामुळे. लाकडी सज्जा कोसळून दोघे ठार झाले होते, आणि आपल्या वजनानेच तो कोसळला अशी त्याची समजूत होती. सज्जा ८ माणसांसाठी बांधलेला होता. त्यावर २३ जण उभे होते. चाणाक्ष प्रेक्षकांनी ८ आणि २३ तत्काळ टिपले. टिपण्यासारखी खरी गोष्ट दुसरीच होती. हे आकडे ह्यूगोला निर्दोष ठरवत होते. आठांच्या जागी तेवीस माणसे उभी राहिली तर सज्जा कोसळणारच, त्यात एकट्याचा अपराध तो कसला? ज्या एका ठिकाणी आकडे ह्यूगोशी खरोखर बोलत होते, तेथे त्याने त्यांचे ऐकले नाही. अपराधभावाला साधे अंकगणित नको असते. त्याला गूढ अंकशास्त्र हवे असते.

म्हणून ‘नंबर्स’मधला सर्वांत हृद्य क्षण भुयारद्वाराचा नव्हे. ह्यूगो जंगलात रूसोला गाठतो आणि आकड्यांचा अर्थ विचारतो. तिलाही तो ठाऊक नसतो. पण तिचेही सगळे लोक त्या संदेशाच्या मागे येऊन मेलेले असतात, आणि आकडे शापित असावेत हे ती मान्य करते. ऐकताच तो तिला मिठी मारतो. इतकी भयंकर गोष्ट ऐकून माणूस सुटकेचा नि:श्वास टाकतो. प्रश्नाचे उत्तर त्याला मिळालेले नाही. त्याला साक्षीदार मिळाला आहे. क्लाउस कोनराड या जर्मन मनोवैद्याने १९५८ मध्ये मनोविकाराच्या प्रारंभावस्थेचे वर्णन करताना, रुग्णाला भोवतालची प्रत्येक वस्तू जणू आपल्यालाच उद्देशून काही सांगत असल्यासारखी वाटते, असे नोंदवून त्या अनुभवाला ‘अपोफेनी’ म्हटले. ही संज्ञा पुढे आकृतिबंधांच्या कोणत्याही अवास्तव शोधासाठी सर्रास वापरली गेली आणि त्यात तिचा गाभा हरवला. गाभा आकृतीचा नव्हता, ‘आपल्याला उद्देशून’ याचा होता. विश्व आपल्याशी वैराने का होईना, पण बोलते आहे असे वाटणे, आणि ते बोलतच नाही असे वाटणे, यांत पहिले अधिक सुसह्य असते. मार्थाला दुसरे पेलता आले. ते पेलण्याची शक्ती कोठून आली, हे मालिका सांगत नाही.

दुसऱ्या पर्वात हा प्रश्न कर्तव्याच्या रूपाने समोर येतो. भुयारातील संगणकात दर १०८ मिनिटांनी ते सहा आकडे टंकून कळ दाबायची, न दाबल्यास अनर्थ होईल, एवढेच सांगितलेले असते. पुरावा काहीही नाही. विल्यम क्लिफर्ड यांनी १८७७ मध्ये, अपुऱ्या पुराव्यावर विश्वास ठेवणे हे केवळ चुकीचे नव्हे तर अनीतीचे आहे, असे प्रतिपादन केले होते. पुढे १८९६ मध्ये विल्यम जेम्स यांनी त्याला उत्तर दिले : जेथे निर्णय टाळणे हाही एक निर्णयच ठरतो आणि बुद्धीला निवाडा करता येत नाही, तेथे विश्वास ठेवण्याचा अधिकार माणसाला आहे. जॉन लॉक हे पात्र जेम्सच्या बाजूने सुरुवात करते आणि दुसऱ्या एका केंद्रातील चित्रफीत पाहून क्लिफर्डकडे वळते. त्या केंद्रातील निरीक्षकांना सांगितलेले असते की कळ दाबणे हा निव्वळ मानसशास्त्रीय प्रयोग आहे. पाहा आणि वह्यांत टिपून ठेवा. लॉक कळ दाबणे सोडतो आणि अनर्थ खरोखरच ओढवतो. निरीक्षकांनी नळीतून धाडलेल्या वह्या मात्र बेटावरच्या एका उघड्या माळावर ढीग होऊन पडलेल्या असतात. त्या कोणी वाचलेल्याच नसतात. प्रयोग झाला तो वह्या लिहिणाऱ्यांवर. पडद्यावरचा आकडा न् आकडा टिपून ठेवणाऱ्या प्रेक्षकांना निर्मात्यांनी याहून तिखट चिमटा काढला नसेल.

आकड्यांचे एक उत्तर २००६ च्या उन्हाळ्यात देण्यात आले, पण मालिकेबाहेर, प्रेक्षकांसाठी रचलेल्या एका कोड्याच्या खेळात : मानवजातीच्या विनाशाचा काळ सांगणाऱ्या एका समीकरणातील ही मूलभूत मूल्ये आहेत. ते फिके होते आणि फारसे रुजले नाही. शेवटच्या पर्वात, १६ फेब्रुवारी २०१० च्या ‘द सब्स्टिट्यूट’ या भागात, समुद्रकड्यातील गुहेच्या छतावर खडूने लिहिलेली नावे दिसतात. प्रत्येक नावाला क्रमांक आहे आणि बहुतेक नावे खोडलेली आहेत. न खोडलेल्यांत ४ लॉक, ८ रेयेस, १५ फोर्ड, १६ जॅरा, २३ शेफर्ड, ४२ क्वॉन. बेटाचा रक्षक जेकब याने आपल्या वारसदारीसाठी हेरून ठेवलेली ही माणसे. असंख्य प्रेक्षकांना हे उत्तर म्हणजे फसवणूक वाटली. आकड्यांचा अर्थ विचारला तर आकड्यांची यादी हाती दिली. हेच का, दुसरे का नाहीत, याचा खुलासा नाही. क्वॉन म्हणजे नवरा की बायको, हेही संदिग्ध.

तक्रार न्याय्य होती. अभ्यासाने जी अपेक्षा उभी केली ती उपसंहाराने फेडली नाही, तर रचनेत दोष राहतो. गूढाच्या नावाखाली तो झाकता येत नाही. डेमन लिंडेलॉफ आणि कार्लटन क्यूस या सूत्रधारांनी पात्रांचे पर्यवसान महत्त्वाचे मानले आणि कोड्यांचे गौण. हा त्यांचा अधिकार होता. पण कोड्यांच्या बळावर प्रेक्षक सहा वर्षे धरून ठेवल्यावर तो वापरणे फारसे सोज्वळ नव्हते. आणि तरीही गुहेतल्या त्या छताकडे पुन्हा पाहावेसे वाटते. शेकडो नावे होती, शेकडो क्रमांक होते. हे सहा आकडे विलक्षण वाटले, कारण बाकीचे खोडले गेले होते. त्यांच्यात काही अधिक नव्हते. ते उरले होते. अपघातातून उठून उभ्या राहिलेल्या सॅमसारखे.

खोडलेल्यांत केट ऑस्टेनचे नाव होते, क्रमांक ५१. पहिल्या भागापासून मालिकेच्या केंद्रस्थानी असलेली ही स्त्री. पण ५१ कोठे दिसतो का, हे सहा वर्षांत कोणी शोधले नव्हते. अखेरीस ती जेकबला विचारते की माझे नाव का खोडलेस. तू आई झालीस म्हणून, असे तो सांगतो. आणि वर म्हणतो की ती खडूची रेघ आहे एवढेच, तुला हे काम हवे असेल तर ते अजूनही तुझेच आहे. ती ते मागत नाही.

मालिका २३ मे २०१० रोजी संपली. संपण्याची तारीख २३ असल्याची नोंद अर्थातच घेतली गेली. पुढल्याच वर्षी, ४ जानेवारी २०११ रोजी, ‘मेगा मिलियन्स’ सोडतीत ४, ८, १५, २५, ४७ आणि अखेरचा स्वतंत्र आकडा ४२ असा निकाल निघाला. ह्यूगोचे आकडे जसेच्या तसे लावणाऱ्यांची तिकिटे हजारोंनी होती. सहापैकी चार जुळले होते, आणि बहुतेक राज्यांत त्याबद्दल प्रत्येकी १५० डॉलर मिळाले. शापाबद्दल त्यांच्यापैकी कोणी तक्रार केल्याचे ऐकिवात नाही.